दलाल, अडत्या, सल्लागार : यवतमाळ जिल्ह्यातील कापूसव्यवहार आणि विश्वासाचा प्रश्न

'दलाल' हा शब्द आज मराठीत फारशा आदराने उच्चारला जात नाही. ज्या अरबी धातूपासून तो आला, त्या धातूचा मूळ अर्थ मात्र 'वाट दाखविणे' असा आहे. त्याच धातूपासून सिद्ध झालेल्या 'दलील' या शब्दाचा अरबीत वाटाड्या असाही अर्थ होतो आणि पुरावा असाही. फारसीमार्गे मराठीत येताना त्यातील वाटाड्या मागे राहिला व युक्तिवाद तेवढा उरला. 'सल्ला' या शब्दाची कथाही अशीच उद्बोधक आहे. त्याच्या मुळाशी भले, हित, समेट हे अर्थ आहेत. पेशवेकालीन पत्रव्यवहारात 'सल्ला' म्हणजे तह. 'मसलत' हा शब्द याच कुळातला. पण जुन्या कागदपत्रांत तो विचारविनिमयासाठी येतो, तसाच स्वारीसाठी आणि डावपेचासाठीही येतो. ज्याच्याकडून हिताची अपेक्षा करावयाची त्याच्याच बोलण्यात डावही असू शकतो, ही जाणीव भाषेने फार पूर्वीच नोंदवून ठेवलेली आहे.

वाटाड्यासाठी असलेला शब्द निंदाव्यंजक का झाला, हा प्रश्न अर्थापकर्षाचे आणखी एक उदाहरण म्हणून सोडून देण्यासारखा नाही. शब्दाचा अर्थ घसरतो तेव्हा त्यामागे पुष्कळदा एखाद्या व्यवहाराचा दीर्घ इतिहास असतो. यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या व्यापारात हा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षे सलग पाहावयास मिळतो. धंद्यात कोणाच्या सांगण्यावरून चालावे आणि कोणाच्या चालू नये, हा निर्णय येथील कापूस उत्पादकाला दर हंगामात करावा लागला. आणि तो चुकला तर त्याची किंमत सालभराच्या अन्नवस्त्राने मोजावी लागली.

प्रथम या सल्लागाराची गरज का उत्पन्न झाली ते पाहिले पाहिजे. 1853 च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग 1864 पासून स्वतंत्र जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे पुष्कळ वर्षे त्याचे नाव 'वणी जिल्हा' असे होते. 1905 साली पुसद तालुका त्यास जोडण्यात आला आणि जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. मधल्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या जगाच्या व्यापाराचे लक्ष वळले. 1867 साली लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचला. मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठी कापसाचा खास कमिशनर नेमला गेला व त्या पदावर आलेल्या रिव्हेट-कार्नाकने बी, वेचणी, बांधणी व वाहतूक या सर्वांवर अहवाल लिहिले. 1870 साली मुंबई समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली. त्याच वर्षी लॉर्ड मेयो याने खामगावच्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले आणि त्याच वर्षी लायल याचे वऱ्हाडचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. व्यापाराच्या दृष्टीने यांपैकी सर्वांत दूरगामी घटना तारेची होय. कापूस दारव्हा, दिग्रस किंवा पांढरकवड्याच्या शिवारात पिकत होता. त्याची किंमत मात्र लिव्हरपूलला ठरून, मुंबईत उलटून, तारेने वऱ्हाडात येत होती.

यवतमाळ हा डोंगराळ जिल्हा. मोठा लोहमार्ग त्याच्या उत्तरेकडून, धामणगाव आणि बडनेऱ्यावरून गेला. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारा अरुंदमापी फाटा, जो पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने प्रसिद्ध झाला, तो विसाव्या शतकातला. तोपर्यंत कापसाने भरलेली बैलगाडी हेच वाहन आणि बाजाराची वाट ही दोन-तीन मुक्कामांची. बाजारात पोहोचलेल्या शेतकऱ्याला आपला कापूस कसा आहे, कोणत्या वेचणीचा आहे, त्यात कवडी किती हे उत्तम ठाऊक असे. त्या दिवशी त्याचा भाव काय, हे मात्र त्याला ठाऊक नसे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, विकणाऱ्यास मालाचे दोष ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात अशी स्थिती असली म्हणजे सारा बाजारच बिघडतो. वऱ्हाडच्या कापूसबाजारात अज्ञान दुसऱ्या बाजूला होते. माल जाणणारा विकत होता आणि भाव जाणणारा घेत होता. या दोहोंमधल्या जागेत जो उभा राहिला तो अडत्या.

अडत्या आणि दलाल हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येत असले, तरी व्यवहारात त्यांत भेद होता. दलाल दोन पक्षांची गाठ घालून देई व आपली दलाली घेऊन बाजूला होई. अडत्या हा पेढी घालून बसलेला असे. शेतकऱ्याची गाडी त्याच्या नावावर उभी राही. गाडीवान आणि बैल यांची सोय त्याच्याकडे होई. माल विकून पैसे चुकते करण्याची जबाबदारी त्याची असे व त्याबद्दल तो ठराविक अडत घेई. विक्री आज करावी की चार दिवस थांबावे, कोणत्या जिनाचा मालक पैसा वेळेवर देतो, कोणाचा काटा खोटा आहे, फरदड वेगळी ठेवावी की पहिल्या वेचणीत मिसळावी, या सर्व गोष्टी शेतकरी अडत्याला विचारी. आजच्या भाषेत ज्याला व्यवसाय-मार्गदर्शक म्हणतात तो हाच. फरक इतकाच की हा मार्गदर्शक उपदेशाबद्दल वेगळी फी घेत नसे. उपदेशाची किंमत विक्रीतून वळती होई. म्हणूनच उपदेश कोणत्या दिशेने झुकतो हे शेतकऱ्याच्या ध्यानात सहसा येत नसे.

विक्रीची रीत या झुकावाला पोषक होती. देशातील अनेक बाजारांत उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची पद्धत होती. तिला 'हत्ता' म्हणत. घेणारा आणि अडत्या यांच्या हातांत काय बोलणे झाले ते गाडीवर बसलेल्या धन्याला दिसत नसे. भाव ठरल्यावर गाडी जिनात जाई. तेथे काटा घेणाऱ्याचा, मापारी त्याच्या ओळखीचा आणि वखार त्याची. गाडी अर्धी रिकामी झाल्यावर 'वांधा' निघे : वरचा कापूस नमुन्यासारखा होता, खालचा ओला आहे, पत्ती फार आहे, कवडी आहे. अर्धी गाडी पुन्हा भरून परत नेणे शक्य नसल्याने शेतकरी काही रक्कम सोडण्यास तयार होई. त्यानंतर हिशेबपट्टीत अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, गोरक्षण आणि कडता या नावांनी वजावट होई. यांतले प्रत्येक कलम एकेकटे पाहिले तर क्षुल्लक असे, आणि धर्मादायासारख्या कलमाला हरकत घेणे अधर्म्यच वाटे.

अडत्याच्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा जिनाच्या आवारात, वांधा निघतो त्या क्षणी होत असे. जो अडत्या स्वतः काट्याजवळ उभा राहून शेतकऱ्याच्या वतीने भांडे, तो चांगला. जो त्या वेळी पेढीवर बसून राही किंवा 'सोडून द्या पाटील, सालोसालचा संबंध आहे' असे म्हणे, तो कोणाचा हे सांगावयास नको. परंतु घेणाऱ्याशीही त्याचा सालोसालचा संबंध असे, हे या प्रश्नाचे वर्म होय. शेतकरी वर्षातून एकदोनदा गाडी घेऊन येई. जिनवाला रोज शेकडो गाड्या घेई. दोघांची मर्जी राखावयाची असता कोणाची अधिक राखली जाईल, हे ठरविण्यास अडत्या दुष्ट असण्याची आवश्यकता नव्हती.

येथे लिपीचाही मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. वऱ्हाडातील व्यापारी वर्गात मारवाडातून आलेल्या पेढ्यांचा मोठा भरणा होता. त्यांच्या वह्या मुडिया लिपीत लिहिल्या जात. ती लिपी काना-मात्रांवाचून लिहिण्याची असल्याने परक्याला तर सोडाच, पण कधी कधी जाणत्यालाही संदर्भाशिवाय वाचता येत नसे. सरकारी दप्तराची मराठी मोडीत चाले आणि शाळेत शिकविली जाणारी मराठी हळूहळू बाळबोधात गेली. ज्याच्या हिशेबावर विश्वास ठेवावयाचा त्याचा हिशेब वाचताच येत नाही, अशी ही स्थिती. अडत्याची वही हा त्याचा खासगी दस्तऐवज होता आणि न्यायालयात तो पुरावा म्हणून उभा राही. शेतकऱ्याच्या बाजूला त्याची आठवण तेवढी होती.

सरकारने या व्यवहारात हात घातला तो शेतकऱ्याच्या कळवळ्याने घातला असे म्हणणे धाडसाचे होईल. लँकेशायरला स्वच्छ, निर्भेळ कापूस वाजवी दराने हवा होता आणि मधल्या माणसांच्या हातचलाखीने तो मिळत नव्हता. हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या आदेशाने 1886 साली कारंजा येथे पहिला नियंत्रित बाजार स्थापन झाला. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात असले तरी दारव्हा तालुक्याला ते जवळचे. त्यानंतर 1897 साली 'वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा' झाला. हिंदुस्थानातील बाजारनियमनाच्या इतिहासात या कायद्यास आद्यस्थान द्यावे लागते. त्याने बाजाराची जागा ठरवून दिली, दलाल व मापारी यांस परवाना आवश्यक केला, वजनमापांची तपासणी सुरू केली आणि कारभारासाठी समिती नेमली. 1917–18 च्या भारतीय कापूस समितीने हीच पद्धत इतर प्रांतांनी उचलावी अशी शिफारस केली.

प्रामाणिक दलाल ओळखण्याचा भार आजवर एकट्या शेतकऱ्यावर होता. आता त्यातील काही भाग परवाना देणाऱ्या समितीने उचलला, हे या कायद्याचे महत्त्व. परवाना म्हणजे समाजाने दिलेली एक प्रकारची ओळखचिठ्ठीच. पण ती देणारे कोण, हे पाहिले असता समितीत व्यापाऱ्यांचेच प्राबल्य दिसून येते. पिकविणाऱ्यास तीत अल्पच स्थान होते. ज्यांची पारख करावयाची त्यांच्याच हाती पारखीचा दगड दिल्यासारखे हे झाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'वैदेहकरक्षण' नावाचे प्रकरण आहे. व्यापाऱ्यांचे नव्हे, तर व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण, असा तेथील समासाचा अर्थ आहे. 1897 च्या कायद्याच्या नावातही 'रक्षण' हा शब्द असता, तर त्याचा विग्रह कसा करावा याविषयी वैयाकरणांत मतभेद झाला असता.

लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने 1928 साली आपला अहवाल सादर केला. वऱ्हाडच्या पद्धतीची त्याने प्रशंसा केली, पण तिच्यातील उणिवाही दाखविल्या. तंटे मिटविण्याची यंत्रणा हवी, वजने प्रमाणित हवीत, उत्पादकाला समितीत खरे प्रतिनिधित्व हवे, अशा त्याच्या सूचना होत्या. त्यांतील एक सूचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे : एकाच दलालाने घेणारा आणि विकणारा अशा दोघांच्याही वतीने काम करण्यास प्रतिबंध असावा. दलाल लबाड आहेत म्हणून त्यांस शासन करा, असे आयोगाने म्हटले नाही; दोन धन्यांची चाकरी करण्याची मुभाच काढून घ्या, असे म्हटले. शीलाच्या प्रश्नाचे रचनेच्या प्रश्नात केलेले हे रूपांतर पुढील सर्व कायद्यांच्या मुळाशी आहे. मध्यप्रांतात 1932 साली कापूस बाजाराचा व 1935 साली कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा झाला. मुंबई प्रांताने 1927 साली कापसापुरता आणि 1939 साली सर्व शेतमालासाठी कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा एकत्रित कायदा 1963 चा. उघड लिलाव, छापील हिशेबपट्टी, ठरवून दिलेली अडत, उत्पादकांचे बहुमत असलेली समिती, या गोष्टी क्रमाक्रमाने आल्या आणि यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव, आर्णी येथील बाजारांत रुमालाखालचा हात उघड्यावर आला.

शेतकऱ्याला स्वतःच्या अशा कसोट्या नव्हत्या असे समजणे चुकीचे होईल. गाडीवान हा त्याचा पहिला बातमीदार. तो दहा गावांच्या गाड्या हाकी आणि कोणत्या पेढीवर कोणाचे किती कापले गेले हे त्याला ठाऊक असे. सारा माल एकदम न नेता पहिली गाडी नेऊन अडत्या पाहावा, मग बाकीचा विकावा, हा शहाणपणाचा मार्ग ज्याच्याजवळ दोन गाड्यांइतका माल आहे त्याला मोकळा होता. कच्च्या चिठ्ठीवर समाधान न मानता पक्की पट्टी मागावी व ती गावच्या मास्तरांकडून वाचून घ्यावी. भाव फार चढा सांगणाऱ्या अडत्याकडे संशयाने पाहावे, कारण भावात दिलेले वजनात परत घेता येते. पैसे 'पेढीवर राहू द्या, व्याज देतो' म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. या कसोट्या आजही कोणत्याही सल्लागारास लावता येण्याजोग्या आहेत आणि त्या पुस्तकातून आलेल्या नाहीत.

परंतु या सर्व कसोट्यांना एक गोष्ट गृहीत आहे, ती ही की, परीक्षेत नापास झालेल्या अडत्याला सोडून जाता येते. येथेच कर्जाचा प्रश्न येतो. पेरणीच्या वेळी बियाण्याला, निंदणीच्या वेळी मजुरीला आणि लग्नसराईत लग्नाला ज्याने पैसे दिले तोच अनेकदा अडत्या असे, किंवा अडत्याचा भाऊबंद असे. मग कापूस त्याच्याच पेढीवर न्यावा लागे आणि भाव त्याने सांगितलेला घ्यावा लागे. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' या म्हणीत हरीला गाढव ओळखता येत नव्हते असे नाही. तो अडलेला होता. सावकार आणि सल्लागार एकाच माणसात एकवटले म्हणजे सल्ल्याची पारख करण्याची बुद्धी असूनही ती निरुपयोगी ठरते. जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले तेव्हा हे फार स्पष्टपणे दिसून आले. मध्यप्रांत सरकारला 1933 साली कर्ज-तडजोडीचा आणि 1934 साली सावकारीचा कायदा करावा लागला. बाजाराचे कायदे आणि कर्जाचे कायदे वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या वेळी, जणू वेगवेगळ्या माणसांसाठी केले. शेतकरी मात्र दोन्हीकडे एकच होता, आणि पुष्कळदा समोरचा माणूसही एकच होता.

स्वातंत्र्योत्तर काळात या गाठीवर घाव घालण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी योजना. पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1971 साली यासंबंधीचा कायदा झाला व 1972–73 च्या हंगामापासून राज्यातील कापसाची खरेदी एकट्या सहकारी पणन संघाकडे आली. खासगी व्यापारी, अडत्या, दलाल या सर्वांची कापसाच्या बाजारातून एका फटक्यात हकालपट्टी झाली. हमी भाव, नंतर अंतिम भाव, रक्कम थेट उत्पादकास. मधल्या माणसाच्या सल्ल्याची आवश्यकताच उरू नये अशी ही रचना होती. तिने पहिल्या काही हंगामांत शेतकऱ्याला जो आधार दिला तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि सल्लागाराची जागा रिकामी राहत नाही. खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरविणारा 'ग्रेडर' हा आता कळीचा माणूस झाला. एका प्रतीच्या फरकाने सालाचे गणित बदलत असल्याने, ग्रेडरला काय दाखवावे, कोणत्या दिवशी गाडी लावावी, कोणाला भेटावे हे सांगणारे नवे जाणकार केंद्राच्या फाटकाशी उभे राहिले. त्यांना परवाना नव्हता, पेढी नव्हती, पट्टीही नव्हती. म्हणजे 1897 पासून मिळविलेले सारे संरक्षण या नव्या मध्यस्थापुढे निरर्थक ठरले. पीककर्जाची रक्कम कापसाच्या किमतीतून परस्पर वळती होत असल्याने आणि उरलेले पैसे हाती येण्यास विलंब लागत असल्याने, रोख पैसे देणारा गावातील व्यापारी लपूनछपून पुन्हा विश्वासू वाटू लागला. राज्याबाहेर भाव चढा असला म्हणजे पैनगंगेपलीकडे कापूस जाई. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकात विदर्भात या योजनेतील दोषांवर बोट ठेवले, तेव्हा तिला मिळालेला प्रतिसाद मोठा होता. 2002 नंतर खासगी खरेदीस पुन्हा वाट मिळाली व योजनेचा एकाधिकार संपुष्टात आला.

त्याच वर्षी, मार्च 2002 मध्ये, बीटी कापसाच्या लागवडीस केंद्र सरकारची अनुमती मिळाली. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता, पण कालाच्या दृष्टीने त्यांचे सान्निध्य लक्षणीय आहे. कारण येथून पुढे कापूस उत्पादकाचा मुख्य सल्लागार विक्रीच्या टोकाकडून खरेदीच्या टोकाकडे सरकला. पूर्वी माल कोठे विकावा हे विचारावयाचे होते. आता कोणते बी घ्यावे, कोणते खत, कोणती फवारणी, किती मात्रेत आणि कशात मिसळून, हे प्रश्न आले. उत्तर देणारा कृषी केंद्राच्या फळीमागे बसलेला होता. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 59 व्या फेरीत (2003) देशातील शेतकरी कुटुंबांना नव्या तंत्राची माहिती कोठून मिळते हे विचारले गेले. इतर प्रगतिशील शेतकऱ्यांकडून मिळते असे सांगणारे 16.7 टक्के, निविष्ठा विकणाऱ्या दुकानदाराकडून मिळते म्हणणारे 13.1 टक्के, आणि सरकारी विस्तारसेवकाकडून मिळते म्हणणारे अवघे 5.7 टक्के निघाले. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून या भागासाठी शिफारशी प्रसिद्ध करीत आले आहे. पण शिफारस आणि शेत यांच्यामध्ये दुकान होते.

या दुकानदाराची स्थिती जुन्या अडत्याच्या स्थितीशी ताडून पाहिली तर साम्य थक्क करणारे आहे. त्याच्या सल्ल्याची वेगळी किंमत नाही. ती विकलेल्या मालाच्या नफ्यात आहे. तो उधारीवर माल देतो, म्हणून तोच धनको. काही ठिकाणी दिवाळीनंतर कापूसही तोच घेतो. शेतकरी वर्षातून चार-सहा वेळा येतो, कंपनीचा प्रतिनिधी मात्र वारंवार येतो आणि विक्रीचे उद्दिष्ट गाठल्याबद्दल बक्षीस देतो. 1928 च्या आयोगाने ज्याला दोन धन्यांची चाकरी म्हणून अमान्य केले, तीच येथे धंद्याची सामान्य रीत होय. आणि हाही पुन्हा वाईट माणूस असावाच लागतो असे नाही. अनेक दुकानदार त्याच गावचे, शेती करणारे, रात्री-अपरात्री दार उघडणारे असतात. शेतकऱ्याच्या अडचणीत प्रथम धावून येणारेही पुष्कळदा तेच.

2017 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो लोक यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या व इतर रुग्णालयांत दाखल झाले. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि मोनोक्रोटोफॉससह काही कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. त्या वर्षी कापसाची उंची, किडीचा जोर, फवारणीचे पंप, संरक्षक साधनांचा अभाव, दोन-तीन द्रव्यांचे मिश्रण अशी अनेक कारणे पुढे आली व त्यांतील कोणते किती प्रबळ याविषयी वाद झाला. पण प्रस्तुत विषयापुरता प्रश्न निराळा आहे. कोणते द्रव्य कशात मिसळावे हे शेतकऱ्याला कोणी सांगितले, आणि सांगणाऱ्याला त्यात काय मिळत होते? अडत्याचा सल्ला फसला तर क्विंटलमागे काही रुपये बुडत. येथे सल्ल्याच्या पारड्यात फवारणाऱ्याचा प्राण होता. आणि फवारणारा हा पुष्कळदा शेताचा मालकही नव्हता, रोजंदारीवरचा मजूर होता. ज्याने सल्ला विचारला नव्हता आणि ज्याला तो निवडण्याची संधीही नव्हती, त्याने त्याची किंमत दिली.

कायद्याने याही वेळी जुनाच उपाय योजलेला दिसतो. कीटकनाशक नियमांत 2015 साली झालेल्या दुरुस्तीने विक्रेत्यास कृषी, रसायन, वनस्पती किंवा प्राणिशास्त्र अशा विषयांतील पदवी आवश्यक केली; जुन्या परवानाधारकांसाठी मुदती वाढवून देण्यात आल्या आणि अल्पकालीन अभ्यासक्रमांचा पर्याय ठेवण्यात आला. हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेचा निविष्ठा विक्रेत्यांसाठी असलेला एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम तर 2003 पासूनच चालू आहे. दुकानदाराला ज्ञान असावे हे योग्यच. मात्र 1897 साली मापाऱ्याला परवाना देताना जी गल्लत झाली तिची येथे आठवण होते : जाणकार असणे आणि आपल्या बाजूचा असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. वऱ्हाडचा अडत्या भावाच्या बाबतीत अडाणी कधीच नव्हता. अडत कोणाकडून घ्यावी या प्रश्नाला हात घालण्याचे धाडस महाराष्ट्रात 2016 साली फळे व भाजीपाला यांच्या बाबतीत झाले, ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले, आणि व्यापाऱ्यांनी ताबडतोब बाजार बंद ठेवले. पैसे देणारा बदलला की निष्ठेची दिशा बदलू शकते, हे त्यांस कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. अर्थात खरेदीदाराने अडत दिल्याने अडत्या शेतकऱ्याचा होतो की खरेदीदाराचा, हा प्रश्न उरतोच; 1928 च्या आयोगापुढे तो असता तर आयोगाने दोन्ही बाजूंना वेगळा अडत्या सुचविला असता.

शेवटी एका शब्दाचा निर्देश करणे आवश्यक आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. अतितीव्र विषारी द्रव्यासाठी तो लाल, त्यावर कवटीचे चिन्ह आणि 'विष' हा शब्द छापलेला असतो. 1971 च्या नियमांनुसार हे बंधनकारक आहे. परंतु यवतमाळच्या, आणि एकंदरीत महाराष्ट्राच्या, ग्रामीण बोलीत या द्रव्याला 'विष' कोणी म्हणत नाही. शेतकरी दुकानात जाऊन 'बोंडअळीवर औषध द्या' असे म्हणतो, दुकानदार 'हे औषध मारा' असे सांगतो, आणि घरी मजुराच्या हाती पंप देताना तोच शब्द उच्चारला जातो. डब्यावरचा शब्द कायद्याने लिहिला. तोंडातला शब्द त्या माणसाकडून आला, ज्याच्यावर विश्वास होता.